फिनिक्सचं गोल्फ, डोंगर आणि ऊन : थंडीभर राहून आल्यावरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांची सुटका. अमेरिकेत फिनिक्सला मुलाबाळांकडे जाणार असाल आणि बाहेर फिरायची, थोडं गोल्फ खेळून बघायची हौस असेल तर जरूर करा, पण रिसॉर्टच्या नावाला भुलून डॉलर उधळू नका. तिथे सगळा खेळ घड्याळाचा आणि कॅलेंडरचा आहे. कुठल्या महिन्यात आणि दिवसाच्या कुठल्या वेळी जाताय त्यावर पैसे ठरतात, गवत ठरतं आणि तुमची तब्येतही ठरते. कोर्सचं, म्हणजे गोल्फच्या मैदानाचं, नाव त्याच्यानंतर.

आम्ही फोंड्याची माणसं. लेक-जावई चँडलरला असतात, म्हणजे फिनिक्सच म्हणा, कारण टेंपी, मेसा, गिल्बर्ट, स्कॉट्सडेल सगळं एकाला एक चिकटलेलं, एक कुठे संपतं नि दुसरं कुठे सुरू होतं कळत नाही. चवथ आटोपून निघालो आणि शिगम्याच्या सुमाराला परत आलो. पोचलो तेव्हा दुपारी पारा चाळीसच्या आसपास, आणि जावई म्हणतो आता बरंच कमी झालंय. २०२३ च्या उन्हाळ्यात म्हणे सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट, म्हणजे आपल्या ४३ डिग्रीच्या वर. त्यामुळे मे ते सप्टेंबर कुणी तिकीट स्वस्त आहे म्हणून जाणार असेल तर त्याने एसीत बसून सिरियल बघायची तयारी ठेवावी.

आता गोल्फ. आपल्याकडे गोल्फ म्हणजे एकतर आर्मी-नेव्हीच्या साहेबांचं, नाहीतर काणकोणच्या पंचतारांकित हॉटेलातलं, आपण बाहेरून बघायचं. तिथे चक्क म्युनिसिपालिटीचे गोल्फ कोर्स आहेत आणि मला सगळ्यात जास्त तेच आवडले. पापागो नावाचा कोर्स १९६३ सालचा, शहराच्या मालकीचा, आजूबाजूला लालसर खडकांच्या टेकड्या, ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमसुद्धा तिथेच खेळतात. मेंबरशिप नको, ओळखपाळख नको, फोनवर टी टाइम म्हणजे खेळ सुरू करायची वेळ घ्या, ग्रीन फी म्हणजे मैदानाचे पैसे भरा आणि चला. शहरात राहणाऱ्यांना दर कमी, पाहुण्यांना जास्त, पण तरी रिसॉर्टच्या मानाने कितीतरी परवडतं. आमच्यासारख्या नवशिक्यांना मात्र पापागो लांबच लांब पडतो. त्यांनी एन्कांटो पार्कातला नऊ होलचा (होल म्हणजे बॉल घालायचं भोक आणि तिथपर्यंतचा पट्टा) छोटा कोर्स धरावा, पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत इतके फटके, ते इथे एकूण ३०, म्हणजे बहुतेक होल पार ३ चेच, झाडं आहेत, सपाट आहे, कार्ट म्हणजे मैदानातली छोटी गाडी न घेता चालत होतो. मी तिथेच शिकले. आमचे हे आधी नुसते बघायला यायचे, मग पुटिंग ग्रीनवर, म्हणजे भोकात बॉल हळूच ढकलायच्या सरावाच्या हिरवळीवर, उभे राहायला लागले, आणि मग घरी कार्पेटवर ग्लास आडवा ठेवून सुरू.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. दोघंच गेलात तर खेळ सुरू करून देणारा स्टार्टर तुम्हाला अनोळखी दोघांबरोबर जोडून देतो. मला पहिल्यांदा फार संकोच वाटला, आपण बॉल मारणार वीस पावलं आणि बरोबरचे लोक बघत राहणार. पण थंडीत तिथे मिनेसोटा, कॅनडा इकडून आलेली रिटायर्ड मंडळी भरपूर, त्यांना तिथे स्नोबर्ड म्हणतात, आणि त्यांना काही घाई नसते. एक आजी तर माझा बॉल झुडपात गेला की माझ्याआधी शोधायला धावायच्या. घाई असते ती मागच्या ग्रुपला आणि खेळ रेंगाळू नये म्हणून फिरणाऱ्या मार्शलला. मागे माणसं ताटकळायला लागली की बॉल उचलून पुढच्या होलला जायचं, त्यात कमीपणा काही नाही.

गवताचं कॅलेंडर नीट समजून घ्या, कारण इथेच पाहुणे फसतात. उन्हाळ्यात तिथे बर्म्युडा गवत असतं, ते थंडीत पिवळं पडून झोपतं. म्हणून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या दरम्यान बहुतेक कोर्स दोन-तीन आठवडे बंद ठेवून त्याच्यावर राय गवताचं बी पेरतात, मग जानेवारीत पोस्टरसारखं हिरवंगार दिसतं. उघडल्यावरही बरेच दिवस कार्ट फक्त डांबरी वाटेवरच चालवायची, फेअरवेवर म्हणजे मधल्या गवताच्या पट्ट्यावर न्यायची नाही, म्हणजे तुमचा बॉल पलीकडच्या टोकाला आणि तुम्ही हातात गोल्फच्या तीन-तीन काठ्या घेऊन तिथपर्यंत चालताय. आम्हाला एका बुकिंग ॲपने ऑक्टोबरात झकास डिस्काउंट दाखवलं, पेरणी नुकतीच झालीय हे कुठेच लिहिलं नव्हतं, गेलो तर अर्धं मैदान चिखल आणि अर्धं पिवळं, नि पैसे परत मागितले तर नॉन-रिफंडेबल. ॲपचं नाव घेत नाही, सगळी सारखीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं बुकिंग असेल तर आधी कोर्सला फोन करून पेरणी कधी झाली एवढं विचारा, ते खरं सांगतात.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकरचा टी टाइम घेतलात तर आणखी एक गंमत. वाळवंट म्हटल्यावर थंडी कसली असं वाटतं, पण पहाटे गवतावर दव गोठतं, आणि ते वितळेपर्यंत कुणालाच मैदानात सोडत नाहीत, कारण गोठलेल्या गवतावर पाय पडला की पातं मोडून काळं पडतं. त्याला फ्रॉस्ट डिले म्हणतात. आम्ही कानटोपी घालून तासभर कॉफी पीत बसलेलो, फिनिक्समध्ये! त्यापेक्षा दुपारनंतरचा ट्वायलाइट रेट घ्यावा. पैसे कमी, ऊन कोवळं, फक्त डिसेंबरात साडेपाचच्या आत सूर्य मावळतो त्यामुळे १८ होल पूर्ण होतील ही आशा सोडून द्यायची. नऊ झाले तरी पुष्कळ.

महागड्या कोर्सचं सांगायचं तर टीपीसी स्कॉट्सडेलचा स्टेडियम कोर्स, जिथे फेब्रुवारीच्या सुमाराला फिनिक्स ओपन होते (ही स्पर्धा १९३२ पासूनची), त्याचे सीझनमधले दर चारशे डॉलरच्या वर जातात आणि उन्हाळ्यात तेच दर धडाधड उतरतात. आम्ही तिथे खेळलो नाही, स्पर्धा बघायला गेलो. सोळावा होल पार ३, चारी बाजूंनी स्टँड, हजारो लोक, बॉल ग्रीनवर म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर पडला नाही की सगळे मिळून त्या खेळाडूची हुर्यो उडवतात. गोल्फ म्हणजे शांत, टाळ्यासुद्धा हळू वाजवायच्या असं मी समजत होते, हे तर फातोर्ड्याला एफसी गोवाची फुटबॉल मॅच चालल्यासारखं. बघायला मजा आली, खेळायला चारशे डॉलर मी देणार नाही. चांगलं खेळणाऱ्याने एकदा द्यावेत की नाही ते त्याचं तो बघेल, जावई म्हणतो द्यावेत.

डोंगरांकडे वळते. कॅमलबॅक सगळ्यांना माहीत असतो, २७०४ फूट, उंटाच्या पाठीसारखा दिसतो म्हणून नाव. एको कॅनियनची वाट वर जायला दोन किलोमीटरच्या आसपास आहे पण ती वाट म्हणायची का प्रश्नच आहे, मध्ये रेलिंग धरून खडकावर ओढत जायचं. लेक-जावई गेले, आम्ही खाली पार्किंगमधून हात हलवला. पार्किंग मिळायलाही उजाडायच्या आत जावं लागतं. पीएस्टेवा पीक त्याहून थोडा बुटका, २६१० फूट, त्याला लोरी पीएस्टेवा या होपी जमातीच्या सैनिक मुलीचं नाव दिलंय, २००३ मध्ये इराकच्या लढाईत ती गेली. उन्हाच्या कडक इशाऱ्याच्या दिवशी या दोन्ही डोंगरांच्या वाटा शहरवाले सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत सरळ बंद करतात. लोकांनी आधी कुरकुर केली म्हणे, पण दर उन्हाळ्यात माणसं आणि त्यांना उचलून आणणारे अग्निशमन दलाचे जवान दोघंही आडवे पडत होते.

गुडघे कुरकुरत असतील तर साउथ माउंटनला गाडीनेच डॉबिन्स लुकआउटपर्यंत जाता येतं, खाली अख्खं शहर पसरलेलं दिसतं. पण आमची खरी आवड गिल्बर्टचं रायपेरियन प्रिझर्व्ह. ११० एकर, वापरून शुद्ध केलेलं सांडपाणी तळ्यांत सोडून जमिनीत मुरवतात आणि त्या तळ्यांवर पक्षीच पक्षी. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात जाणाऱ्यांना तिथे घरच्यासारखं वाटेल, फक्त होडी नाही आणि खारफुटी नाही. सपाट वाट, फुकट, सकाळी सातला गेलात तर बगळे अगदी हाताच्या अंतरावर.

चोया कॅक्टसबद्दल सावध करते. स्कॉट्सडेलच्या मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्व्हमध्ये मी वाटेच्या कडेने चालले होते, नुसती ओढणी एका झुडपाला घासली तर लिंबाएवढा काटेरी तुकडा तुटून पोटरीला घट्ट. हाताने काढायला गेले असते तर बोटांत रुतला असता, मागून येणाऱ्या एका आजोबांनी नो नो करत खिशातून साधा केसांचा कंगवा काढला, तुकड्याखाली सरकवला आणि झटक्यात उडवला, तो उडून त्यांच्याच बुटाला चिकटला आणि मग तिथून परत कंगवा. काट्यांना उलटी दातेरी टोकं असतात म्हणून ते मांसात शिरतात आणि सुटत नाहीत. तेव्हापासून पर्समध्ये जाड दात्यांचा कंगवा. गोल्फ कोर्सवरही कडेच्या वाळवंटात बॉल गेला तर सोडून द्यावा, मार्चपासून रॅटलस्नेक हे विषारी साप बाहेर पडतात, पाच डॉलरचा बॉल कुणाच्या जिवापेक्षा मोठा नाही.

कोरड्या हवेचं आपल्या गोवेकरांना कळतच नाही. आपल्याला घाम आला की ऊन कळतं, तिथे घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो, तुम्हाला वाटतं आपण छान आहोत आणि संध्याकाळी डोकं ठणकतं. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. मी नेलेली सुकी सोलं फार उपयोगी पडली, सोलांचं पाणी मीठ-साखर घालून बाटलीत, आणि रात्री नाकाला खोबरेल तेलाचं बोट. जावयाला आधी हसू येत होतं, डिसेंबरात तोच मागायला लागला.

पाण्याचं मात्र मनात राहिलं. वर्षाला जेमतेम १८०-२०० मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे ३००० च्या आसपास, आणि तिथे दीडशेच्यावर गोल्फ कोर्स कशाला? सॉल्ट रिव्हर शहरातून जाते ती बहुतेक कोरडीच, वरती धरणं आहेत, रूझवेल्ट धरण १९११ चं. टेंपीला १९९९ मध्ये त्याच पात्रात बांध घालून तळं केलंय, लोक त्यात कयाक चालवतात, आणि पुलापलीकडे नुसती रेती. पण तिथे निदान हिशेब ठेवतात, १९८० च्या भूजल कायद्यानंतर नव्या कोर्सला पाणी देऊन किती गवत राखायचं त्यावर हद्द आली, म्हणूनच तिकडचे कोर्स मधे हिरवी बेटं आणि भोवती काटेरी रान असे दिसतात, आणि उत्तर स्कॉट्सडेलचे बरेचसे कोर्स शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर चालतात. आपल्या तेरेखोलला गोल्फ कोर्सचं निघालं तेव्हा गावकरी उभे राहिले होते, ते मला तेव्हाही पटलं होतं आणि थंडीभर गोल्फ खेळून आल्यावरही पटतं. कुळांच्या जमिनी घेऊन गवत लावायचं हे वेगळं प्रकरण आहे.

गैरसोय सगळ्यात मोठी गाडीची. घरातलं कुणी ऑफिसला गेलं की तुम्ही अडकलात. आम्ही वायमो वापरली, म्हणजे ड्रायव्हरच नसलेली टॅक्सी, स्टिअरिंग आपोआप फिरतं, आमचे हे पहिल्यांदा सीट घट्ट धरून बसलेले. भाडं ठरलेलं, घासाघीस नाही, परतीचे रिकामे जाईन म्हणून डबल भाडं नाही. आपल्या टॅक्सीवाल्यांना हे सांगायची माझी हिंमत नाही. गोल्फचा सेट विकत घेऊ नका, कोर्सवर भाड्याने मिळतो किंवा जुन्या वस्तूंच्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये सुट्या काठ्या स्वस्तात मिळतात, नवशिक्याला चार पुरतात. बूट साधे स्पोर्ट्सचे चालतात, कॉलरवाला टीशर्ट मात्र न्या.

आणि ॲरिझोनात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे आपल्यात नि त्यांच्यात बाराही महिने साडेबारा तासांचाच फरक. सकाळी सातचा टी टाइम म्हणजे फोंड्यात संध्याकाळचे साडेसात, सासूबाईंना फोन त्याच्या आधी उरकून घ्या, नंतर चार तास फोन बॅगेत असतो आणि मग मिस्ड कॉल मोजत बसावं लागतं.