अमेरिकी नौदलाचं 'टॉकर' हेल्मेट: काही महिने घरात बाळगल्यावर

गेल्या हिवाळ्यात एमके-२ टॉकर हेल्मेट घेतलं. न्यू जर्सीचा दमट उन्हाळाही त्याने आमच्या बेसमेंटमध्ये काढला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

पहिली गोष्ट आकाराची, कारण फोटोत तो अजिबात कळत नाही. आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "घमेलं कुणाचं उचलून आणलंस रे?" लढाईत जहाजाच्या एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला देणाऱ्या खलाशाच्या, म्हणजे 'टॉकर'च्या, कानांवर फोनचे जाडजूड हेडफोन असायचे. त्यावर एम-१, म्हणजे अमेरिकी सैनिकांचं नेहमीचं पोलादी हेल्मेट, बसत नसे, म्हणून हा अवाढव्य टोप. त्या फोनला बॅटरी लागत नव्हती. बोलणाऱ्याच्या आवाजाने आतला पडदा थरथरे आणि त्यातूनच वीज तयार होई. जहाजाची वीज गेली तरी टेहळणीवाल्यांची 'जेएल' लाइन बोलत राही.

वजन अडीच किलोच्या आसपास. पाच मिनिटं डोक्यावर ठेवा, मान तक्रार करते. ती पोरं हे घालून तासन् तास उभी असायची.

खरी कटकट आतल्या फोमची. जुनं रबर कडक होतं, भुगा सोडतं. उचललं की शेल्फवर तपकिरी चुरा. तेल, पॉलिश काही लावू नका, फोम आणखी बिघडतो. मी बाहेरच्या पोलादाला मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (धातू जपायच्या मेणाचा) पातळ हात देतो आणि जवळ सिलिका जेल ठेवतो. उन्हाळाभर नवा गंज दिसला नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे सँडपेपर मारायचा नाही आणि हाताळल्यावर हात धुवायचे. घरात लहान मूल असेल तर काचेचं कपाट घ्याच.

विक्रेत्याने 'दुसऱ्या महायुद्धातलं' असं छातीठोक लिहिलं होतं. पण हीच हेल्मेटं नौदलाने युद्धानंतरही अनेक वर्षं वापरली, पुन्हा पुन्हा रंगवून. जहाजंही तशीच पुन्हा वापरात यायची: आमच्याकडे कॅम्डेनला संग्रहालय म्हणून उभी असलेली बॅटलशिप न्यू जर्सी १९४३ साली सेवेत आली आणि १९८२ मध्ये पुन्हा एकदा. माझ्या हेल्मेटच्या कडेला करडा रंग टवका उडून गेलाय आणि खाली गडद निळा दिसतो. युद्धकाळात पॅसिफिकमधली जहाजं अशाच गडद निळ्या रंगात असायची, म्हणून जीव थोडा भांड्यात पडला. पक्का पुरावा मात्र नाही.

एम-१ मध्ये काळ ओळखायचं हे काम सोपं. सुरुवातीच्या टोपांच्या कडेची पट्टी स्टेनलेस स्टीलची आणि तिचा सांधा पुढे. १९४४ च्या अखेरीस तो मागे गेला. स्टेनलेसवर रंग नीट धरत नाही, म्हणून जुन्या तुकड्यांची कड चकाकते. कड शाबूत, रंग ताजातवाना आणि वर जहाजाचं नाव ठळक अक्षरांत असेल, तर मी पैसे पाकिटातच ठेवतो. करड्या रंगाचा डबा आणि ब्रश कुणाकडेही असतो, आणि नावामुळे किंमत कैक पटींनी चढते. माझ्या टॉकरवर एक अक्षरही नाही, म्हणूनच तो परवडला.

पहिलंच हेल्मेट घेत असाल तर एम-१ घ्या. सुटे भाग मिळतात, माहितीही भरपूर. टॉकर नंतर, आणि शेल्फची खोली मोजूनच. माझ्या शेल्फवर तो चार बोटं बाहेर आलाय, येताजाता कोपर आपटतं.