कॉलेजचं फीडबॅक अ‍ॅप: सॉफ्टवेअरला साडेतीन तारे, वापराला एक

आमच्या कॉलेजनं विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेण्यासाठी विकतचं अ‍ॅप आणलं, त्याला आता काही वर्षं झाली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण माझी निम्मी तक्रार कंपनीवर नाहीच. मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे सीएचबी, क्लॉक अवर बेसिस: जेवढे तास घ्याल तेवढं मानधन. प्राध्यापकीच्या पात्रतेची नेट परीक्षा पास आहे, पीएचडी आहे आणि दर वर्षी नव्यानं अर्ज आहे. तेव्हा हा अभिप्राय अ‍ॅप विकत घेणाऱ्याचा नाही. ज्यांच्या नावापुढे त्यातले तारे उमटतात त्यांच्यातल्या एकीचा आहे.

आधी चांगलं. पूर्वी झेरॉक्सचे कागद वर्गात वाटले जायचे, आणि बऱ्याचदा ज्या सरांबद्दल लिहायचं तेच सर टेबलाशी उभे असायचे. मग ऑफिसातले क्लार्क दिवाळीपर्यंत त्यांची बेरीज करत बसायचे. आता पोरं पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) टाकून मोबाईलवर भरतात, दोन-तीन मिनिटांत काम होतं, आणि शिक्षकाला स्वतःचा अहवाल स्वतःच्या लॉगिनला दिसतो. नुसती सरासरी नाही, प्रत्येक प्रश्नाला किती जणांनी कोणता पर्याय दिला तेही दिसतं. ही सोय खरंच चांगली आहे. शेवटच्या मोकळ्या चौकटीत एकीनं मला लिहिलं होतं, 'मॅडम गुणकाची गणितं दोनदा सोडवा, एकदा तुम्ही एकदा आम्ही.' तेव्हापासून मी तसंच करते.

ती ओळ मला वाचता आली, कारण पोरीनं ती इंग्रजी अक्षरांत लिहिली होती. देवनागरीत लिहिलेल्या अभिप्रायांचे पीडीएफमध्ये चौकोन होतात. मराठवाड्यातल्या कॉलेजला विकलेल्या अ‍ॅपमध्ये मराठी छापली जात नाही, याला अर्धा तारा मी इथेच कापला.

दुसरा अर्धा तारा कापला तो दशांश चिन्हासाठी. एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, सक्तीच्या पेपरला नव्वद पोरं असतात, टीवायच्या, तिसऱ्या वर्षाच्या, माझ्या ऐच्छिक पेपरला चौदा. चौदातल्या तेरा जणांनी पाच तारे दिले आणि उपस्थितीवरून रागावलेल्या एकानं एक दिला, तर सरासरी ४.७१. नव्वदात तोच एक रागावलेला असेल तर ४.९६. राग तेवढाच, वर्ग लहान म्हणून दंड सहापट. अ‍ॅप मात्र दोन्ही आकडे एकाच यादीत, एकाच रंगात, दोन दशांशांपर्यंत खाली-वर लावतं. अर्थशास्त्रवाल्या बाईला हे बघवत नाही.

तिसरा अर्धा तारा गोपनीयतेचा. अहवालात मुलं-मुली असा फिल्टर आहे. माझ्या टीवायच्या वर्गात मुलगे दोनच. फिल्टर लावला की कोण काय म्हणालं हे जवळपास नावानिशी कळतं. मी तो लावत नाही. पण लावता येतो, हेच चूक आहे. दहापेक्षा कमी जणांचा गट असेल तर फिल्टर बंद, एवढी साधी अट घालायला काय हरकत होती?

झालं, सॉफ्टवेअरला साडेतीन. आता वापर.

अ‍ॅपमधले बरेचसे प्रश्न नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातून उचललेले आहेत. नॅकच्या २०१७ नंतरच्या पद्धतीत हे सर्वेक्षण आलं. त्यातला पहिलाच प्रश्न: वर्गात अभ्यासक्रम किती टक्के पूर्ण झाला? पर्याय ८५ ते १००, ७० ते ८४, ५५ ते ६९, ३० ते ५४ आणि ३० हून कमी. नॅक हा प्रश्न सगळ्या संस्थेबद्दल विचारतं, एकेका मास्तराबद्दल नाही. संस्थेला विचारलं तर प्रश्न रास्तच आहे: पद भरलं नाही, शिक्षक उशिरा आला, अभ्यासक्रम राहिला, तर जबाबदार संस्था. अ‍ॅपवाल्यांनी तोच प्रश्न उचलून प्रत्येक शिक्षकाच्या नावाखाली चिकटवला आणि टक्क्यांचे तारे केले.

सीएचबीची नेमणूक कशी होते ते बाहेरच्यांना सांगते. सत्र जूनमध्ये सुरू. जाहिरात जुलैत, मुलाखत ऑगस्टात, हातात आदेश पडतो सप्टेंबरच्या तोंडावर. तोवर कधी विभागप्रमुख दोन वर्ग एकत्र बसवतात, कधी पोरं कँटीनमध्ये. मग आम्ही येतो. आठवड्याला नऊ तासांची मर्यादा. त्यावर शनिवारी जादा तास घेतले तर ते बिलात धरत नाहीत, म्हणून नोंदवहीतही नसतात. समजा साठ तासांचा पेपर आहे, आदेशापासून सत्र संपेपर्यंत माझ्या वाट्याला त्यातले अठ्ठावीस आले आणि मी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस घेतले. प्रामाणिक पोरगी अ‍ॅपमध्ये '३० ते ५४' दाबणार. दोन तारे. ती खोटं बोलत नाही, आणि मीही एक तास बुडवलेला नाही.

हाच हिशेब यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीनं कसा लावलाय बघा. तिथे कायम शिक्षकाच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात सूत्र आहे: घेतलेले तास भागिले नेमून दिलेले तास. ८० टक्के किंवा वर असेल तर चांगलं, ७० ते ८० समाधानकारक, त्याखाली असमाधानकारक. या सूत्रानं मला शंभर टक्के मिळतात. छेदात काय धरायचं, एवढाच फरक. आणि छेदाचा आकडा कॉलेजकडे आहे. आमची तासिका नोंदवही असते; तारीख, वर्ग, शिकवलेला घटक, सही. त्यावरून मानधनाचं देयक बनतं, विभागप्रमुख आणि प्राचार्य सही करतात आणि ते उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात जातं. (पैसे कधी येतात हा वेगळा लेख आहे.) म्हणजे पैसे द्यायचे तेव्हा आमचे तास मोजतात, काम जोखायचं तेव्हा अख्खा अभ्यासक्रम.

गेल्या वर्षी विभागप्रमुखांनी बोलावलं. "मॅडम, चार पूर्णांक शून्य नऊ आलंय. सव्वाचारच्या खाली लाल येतं हो." मी म्हटलं, "सर, पहिला प्रश्न वगळून बघा." त्यांनी वगळून पाहिलं, आकडा हिरवा झाला. "ते मला पटतं हो, पण वर रिपोर्ट असाच जातो." सर माणूस भला आहे. त्यांचा स्वतःचाही एका पेपरला लाल होता; त्यांना आयक्यूएसीकडून (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडून) एक पत्र आलं, त्यांनी एक खुलासा दिला, फाईल बंद. कायम शिक्षकाच्या पदोन्नतीसाठी धरतात त्या यूजीसीच्या तक्त्यात ताऱ्यांना रकानाच नाही. माझा आदेश मात्र सत्राअखेर आपोआप संपतो. मला काढायला कुणाला काही लिहावं लागत नाही. पुढच्या मुलाखतीला समितीपुढे तो लाल कागद असला म्हणजे पुरे.

यातली गंमत अशी, की नॅकच्या व्याख्येत पूर्णवेळ शिक्षक म्हणजे किमान ९० टक्के कार्यभार असलेला. नऊ तासांवर मी त्यात बसत नाही. यूजीसीच्या नियमावलीत आधीची सेवा धरायची तर एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावं अशी अट आहे. तिथेही मी बसत नाही. कॉलेजच्या शिक्षकसंख्येत मी नाही, सेवेच्या वर्षांत नाही. ताऱ्यांच्या यादीत मात्र नेमकी आहे, आणि तीही तळाशी.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. टोरांटोच्या रायरसन विद्यापीठात (आता त्याचं नाव बदललंय) शिक्षकांच्या संघटनेनं हा वाद लवादापर्यंत नेला. २०१८ मध्ये निकाल लागला: कायम करताना किंवा बढती देताना शिकवण्याची परिणामकारकता विद्यार्थी-सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून मोजायची नाही. विद्यार्थ्यांना काय अनुभव आला हे जरूर विचारा, असंही त्यात आहे. पोरांना विचारूच नका असं माझंही म्हणणं नाही. आवाज मागे पोहोचतो का, मॅडम वेळेवर येतात का, शंका विचारली तर चिडतात का, हे पोरांइतकं कोणालाच कळत नाही.

तुलनेसाठी दुसरं एक 'उत्पादन' सांगते, ज्याला फुकट असूनही मी साडेचार तारे देईन. सकाळच्या वेळी मी एका विनाअनुदानित कॉलेजात बीबीएला शिकवते. तिथे अ‍ॅप नाही. एक निवृत्त सर सत्रातून एकदा न सांगता येऊन शेवटच्या बाकावर बसतात, पूर्ण तास. नंतर चहाला बोलावतात आणि वहीतलं पान फाडून देतात. माझ्या पानावर होतं: 'मागणी वक्राची आकृती फार लहान. चौथ्या बाकापासून अक्ष दिसत नाहीत. प्रश्न विचारून उत्तराला थांबत नाही, स्वतःच देऊन टाकता.' वाचताना कान गरम झाले, पण तीन वाक्यांत मला काय करायचं ते कळलं. ४.०९ नं काय करायचं ते कुणाला कळलंय? अर्धा तारा कापलाय कारण सरांचं अक्षर लागत नाही.

अ‍ॅप घ्यायच्या विचारात असलेल्या कॉलेजांना माझा सल्ला: घ्या, पण परीक्षा फॉर्मशी जोडू नका. आमच्याकडे अभिप्राय भरल्याशिवाय फॉर्म उघडत नाही, म्हणून नेट कॅफेवाला पोरगा रांगेतल्या सगळ्यांचे स्वतःच भरतो. अहवालात वेळ दिसते, एकाच मिनिटात पाच-सहा फॉर्म, सगळीकडे चार तारे. आणि घेताना त्यात 'नियुक्तीचा दिनांक' आणि 'नेमून दिलेले तास' हे दोन रकाने मागून घ्या.

हे रकाने टाकता येतात का, म्हणून मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला होता. पलीकडचा मुलगा अदबीनं बोलला. "टाकता येतील मॅडम, दोन दिवसांचं काम आहे. फक्त कॉलेजच्या लेटरहेडवर मागणी यायला हवी." मी आयक्यूएसीच्या समन्वयकांना अर्ज दिला, नोंदवहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, आवक क्रमांक घेतला. परवा ते जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तुमचा मुद्दा रास्त आहे मॅडम. नॅकची टीम जाऊ द्या, मग बसू."