समुद्राकाठची सायकल सहल: फ्रान्स, डाल्मेशिया की शिमानामी?

किनाऱ्यावरच्या सायकल सहलींची माहितीपत्रकं एकसारखीच असतात. निळं पाणी, रिकामा रस्ता, हसणारी दोन माणसं. फोटोत वारा दिसत नाही, चढ सपाट वाटतो, आणि तिसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्यावर काय करायचं याबद्दल तर अवाक्षरही नसतं. निवड मात्र नेमकी याच तीन गोष्टींवर करायची असते. माझ्या मते त्यातली तिसरी सर्वांत वजनदार आहे. ज्या दिवशी पॅडल मारायची अजिबात इच्छा नसेल, त्या दिवशी पुढच्या मुक्कामाला पोचणार कसं?

हा प्रश्न धरून तीन किनारे शेजारी शेजारी ठेवतो: फ्रान्सचा अटलांटिक किनारा, क्रोएशियातली डाल्मेशियाची बेटं आणि जपानचा शिमानामी काइदो. गाइडसह काही दिवसांच्या सहली तिन्हीकडे मिळतात. पण गाइडला पैसे कशासाठी द्यायचे, याचं उत्तर तिन्हीकडे वेगळं आहे.

समुद्र दिसतो तरी किती?

फ्रान्सचा ‘ला वेलोदिसे’ हा सायकलमार्ग २०१२ मध्ये सुरू झाला. वायव्येच्या रोस्कॉफ बंदरापासून स्पेनच्या सीमेवरच्या आँदायपर्यंत त्याची लांबी १,२०० किलोमीटरच्या पुढे जाते. आठवड्यात तो पुरा करण्याचा विचार कोणी करत नाही. सहली त्यातला एखादा तुकडा घेतात, उदाहरणार्थ ला रोशेल ते आर्काशाँ किंवा आर्काशाँ ते बियारिट्झ. मार्गाचा बराचसा भाग मोटारींपासून मोकळा आहे आणि दक्षिणेकडे तो जवळजवळ सपाट होत जातो.

इथे एक गोष्ट माहितीपत्रक सांगत नाही: किनाऱ्याच्या या मार्गावर समुद्र बराच वेळ दिसतच नाही. उत्तरेला ब्रिटनीत तो आतल्या बाजूनं कालव्याकाठी जातो. जिरोंद नदीच्या मुखापलीकडे लांद भागात तो पाइनच्या जंगलात शिरतो. सरकती वाळू आणि दलदल आवरण्यासाठी एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर लावलेलं हे जंगल आहे. त्याच्या पलीकडे वाळूच्या टेकड्या, आणि टेकड्यांच्या पलीकडे समुद्र. लाटांचा आवाज येतो. पाणी पाहायचं तर सायकल लावून टेकडी चढावी लागते. आर्काशाँजवळची पिलाची टेकडी १०० मीटरहून उंच आहे, तेव्हा हे चढणंही काही खेळ नव्हे. दिवसभर पाणी डोळ्यांसमोर हवं असेल तर लांद तुम्हाला निराश करेल. सावलीतून, मोटारींची भीती न बाळगता, गप्पा मारत जायचं असेल तर याहून सोपा रस्ता शोधून सापडणार नाही.

डाल्मेशियात उलट आहे. ब्राच, ह्वार, कोर्चुला, विस ही चुनखडीच्या डोंगरांची बेटं आहेत आणि बेटांवरचे अनेक रस्ते किनारा सोडून वरच्या अंगानं जातात. त्यामुळे समुद्र सतत दिसतो, पण उंचावरून, आणि ती उंची आधी कमवावी लागते. ब्राचवरचा विदोवा गोरा हा एड्रियाटिकच्या बेटांवरचा सर्वांत उंच माथा सुमारे ७८० मीटरचा आहे. तो समुद्रसपाटीपासून सुरू होतो, हे लक्षात घ्या.

शिमानामी काइदो या दोहोंच्या मधला. होन्शूवरचं ओनोमिची आणि शिकोकूवरचं इमाबारी यांच्यामध्ये सहा बेटं आहेत आणि ती पुलांनी जोडलेली आहेत. सुमारे ७० किलोमीटरचा हा मार्ग १९९९ मध्ये खुला झाला. बेटावर रस्ता पाण्याला लागून जातो, मग वळणावळणाच्या उताराच्या मार्गिकेवरून पुलावर चढतो. चढ साधारण ३ टक्क्यांचा, म्हणजे गिअर एकदोन पायऱ्या खाली आणला की झालं. इन्नोशिमाच्या पुलावर सायकलींची वाट मोटारींच्या खालच्या मजल्यावर आहे. डोक्यावरून वाहनं धडधडतात आणि खाली सामुद्रधुनी. शेवटचा कुरुशिमा काइक्यो हा एकापुढे एक असे तीन झुलते पूल मिळून झालेला, सुमारे ४ किलोमीटरचा. समुद्र दिसण्याच्या हिशेबात, प्रत्येक किलोमीटरमागे, शिमानामी पहिला.

वारा आणि चढ

घाटाचा एक दिलासा असतो: चढलात की उतार मिळतो. समोरचा वारा असं काही परत करत नाही. हवेचा अडथळा सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तुम्ही ताशी २० किलोमीटरनं जात असाल आणि वाराही २० नं तोंडावर आला, तर अडथळा चौपट होतो. गाइडच्या मागे चाकाला चाक लावून जाण्याची सोय हा गटाचा खरा फायदा अशा दिवशी कळतो.

फ्रान्समध्ये अटलांटिकवरचा वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. दक्षिणेकडे जाताना तो उजव्या बाजूनं लागतो. ला रोशेलच्या आसपासच्या उघड्या मिठागरांत आणि इल द रे बेटावर तो चांगलाच जाणवतो. लांदमध्ये मात्र समुद्र लपवणारं तेच जंगल वाराही अडवतं.

डाल्मेशियातल्या दोन वाऱ्यांची नावं जाण्याआधीच पाठ करा. बुरा हा ईशान्येकडून डोंगर उतरून येणारा कोरडा, झटके देणारा वारा. युगो हा आग्नेयेकडचा दमट वारा. तो समुद्र खवळवतो. युगो जोरात असला की बोटीचा कप्तान बेटांचा क्रम बदलतो. हा आयोजकाचा ढिसाळपणा समजू नये. ‘कार्यक्रमात दिलेलं बेट चुकलं’ म्हणून भांडणारा प्रवासी जवळजवळ प्रत्येक बोटीवर असतोच.

जपानचा हा अंतर्गत समुद्र बेटांनी आणि डोंगरांनी वेढलेला, म्हणून लाटा कमी. वारा मुख्यतः पुलांवर भेटतो. तिथे अडचण हंगामाची आहे: जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात वादळांची शक्यता. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा. डाल्मेशियासाठी मे-जून आणि सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पांढऱ्या चुनखडीवरून परतणारं ऊन माणसाला भाजून काढतं. फ्रान्सही मे-जून आणि सप्टेंबरातच बरा, ऑगस्ट तर टाळाच, कारण तेव्हा निम्मा देश समुद्रावर सुट्टीला आलेला असतो.

कार्यक्रम वाचताना किलोमीटरपेक्षा दिवसाची एकूण चढाई किती मीटर आहे ते बघा. लांदमधले ६० किलोमीटर नियमित सायकल न चालवणाऱ्यालाही जमतात. ह्वारवरचे ३५ किलोमीटर, वाटेत ७०० मीटर चढ असेल तर, त्याच माणसाला रडवतील. चढाईचा आकडा जो आयोजक देत नाही, त्याच्याकडून तो मागून घ्या.

ज्या दिवशी जमणार नाही

डाल्मेशियाचा बोट-आणि-सायकल हा प्रकार या कसोटीवर निर्विवाद पुढे आहे. जुन्या धाटणीच्या बोटीत साधारण तीसेक प्रवासी, मुक्काम बोटीवरच, रोज नवं बंदर. सकाळी सायकली धक्क्यावर उतरतात, संध्याकाळी पुन्हा वर चढतात. गुडघा कुरकुरला, तर तुम्ही डेकवर बसून पुढच्या बंदराला जाता. कोणाला थांबवावं लागत नाही, कोणाची माफी मागावी लागत नाही, सामान बांधावं लागत नाही. काही टप्पे मात्र एकाच बंदरातून निघून तिथेच परतण्याचे असतात आणि काहींत बोट बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबते. दुसऱ्या प्रकारात अर्ध्या वाटेत सोडून देता येत नाही, कारण बोटीमागे व्हॅन नसते. असे दिवस किती, हे आधीच विचारा.

फ्रान्समध्ये सुटका मिळते ती टोकांना. ला रोशेल, रुआयाँ, आर्काशाँ, बियारिट्झ या सगळ्यांना रेल्वे आहे आणि प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते. मधल्या लाकानो, बिस्कारोस, मिमिझाँ या किनारी गावांना मात्र रेल्वे नाही. म्हणजे सर्वांत सपाट भाग हाच अडकून पडण्याचाही भाग. सपोर्ट व्हॅनचे पैसे इथे वसूल होतात.

शिमानामीत अंतरच इतकं कमी आहे की अडकणं अवघड. भाड्याच्या साध्या सायकली वाटेवरच्या दुसऱ्या केंद्रावर परत करून बस किंवा बोट पकडता येते. इलेक्ट्रिक सायकलला ही मुभा नेहमी नसते, तेव्हा घेतानाच खात्री करा. स्वतःची सायकल नेलीत तर जपानी रेल्वेत ती सहसा पिशवीत घालूनच न्यावी लागते.

मग गाइड कशासाठी?

रस्ता दाखवायला? शिमानामीवर रस्त्याच्या कडेला निळी रेघ रंगवलेली आहे. ती धरून चालत राहिलं तरी इमाबारी येतं. वेलोदिसेवर पाट्या ठिकठिकाणी आहेत. तिथे वाट दाखवण्यासाठी गाइड घेणं मला उधळपट्टी वाटते. या मार्गावर स्वतंत्र सहल, म्हणजे हॉटेलं ठरवलेली, बॅगा रोज पुढे पोचवलेल्या आणि चालवणारे तुम्हीच, ही बरीच स्वस्त पडते आणि बहुतेकांना पुरते. त्यात अडचणीच्या वेळी गाडी मिळण्याची सोय आहे का, एवढं मात्र पाहून घ्या.

जपानात गाइडचं काम रस्त्याबाहेर सुरू होतं. भाषा, छोट्या मुक्कामांचं आरक्षण आणि निळ्या रेघेपासून बाजूला नेणं. ओशिमा बेटावर किरोसानचा सुमारे ३०० मीटरचा डोंगर आहे. माथ्यावर वास्तुरचनाकार केंगो कुमा यांनी रचलेलं निरीक्षणस्थळ आहे आणि तिथून कुरुशिमाचे तिन्ही पूल एका नजरेत येतात. रेघेवरून सरळ जाणारे बहुतेक जण हा चढ पाहून पुढे निघून जातात. चांगला गाइड शिमानामीचे दोन दिवस चार करतो, शेजारच्या तोबिशिमा बेटांचीही जोड देतो. तसं काही न देता ७० किलोमीटर चार दिवसांत ताणलेले असतील, तर तुम्ही मुक्कामांचेच पैसे देत आहात.

डाल्मेशियात मात्र बोट घेतली की गाइड त्यात आलाच, आणि तो यावाच. मोटारींचा वेग, वळणं, पाण्याचे नळ कुठे आहेत, आज कोणत्या बाजूनं चढलो तर सावली मिळेल, हे नकाशावर नसतं. विस बेट १९८९ पर्यंत लष्करी कारणांनी परदेशी माणसांना बंद होतं. तिथले बोगदे आणि लपवलेले नौदल-तळ सोबत जाणकार नसेल तर डोळ्यांसमोरून निघून जातात.

कुठेही जा, आयोजकाला एक प्रश्न विचाराच: गाइड किती आणि त्यांतला सायकलवर कोण? एकच माणूस असेल आणि व्हॅनही तोच चालवणार असेल, तर रस्त्यावर तुम्ही एकटेच आहात. दोघं असतील, आणि त्यांतला एक सर्वांत मागच्या माणसामागे राहणार असेल, तर त्या सहलीला गाइडसह म्हणावं. युरोपीय संघात एकत्रित सहल विकणाऱ्या आयोजकावर २०१५ च्या निर्देशानुसार हॉटेल, वाहतूक अशा सर्व सेवांची जबाबदारी असते आणि त्याचं दिवाळं निघालं तर प्रवाशांच्या पैशांच्या संरक्षणाचीही. सायकल, हॉटेल, सामान वेगवेगळं घेतलंत तर हे छत्र मिळेलच असं नाही.

सायकल

स्वतःची ई-सायकल विमानानं नेण्याचा विचार सोडून द्या. प्रवासी विमानांत १६० वॉट-तासांपुढची बॅटरी चालत नाही आणि ई-सायकलची त्याच्या कितीतरी पट असते. तिथलीच घ्या. मोटरची मदत युरोपात ताशी २५ किलोमीटरला, जपानात २४ ला थांबते. डाल्मेशियात ती घ्यायला संकोच करू नका, लांदमध्ये गरज नाही. साध्या सायकलवर बसायची सवय असेल तर स्वतःची सीट आणि पॅडल बॅगेत टाका. उंचीबरोबर पायाच्या आतल्या बाजूची लांबीही आधी कळवा.

डाव्या बाजूनं चालवणाऱ्यांना जपान सोपा. फ्रान्स आणि क्रोएशियात उजवीकडून चालायचं, आणि तिथल्या सायकलींचा पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हातात असतो. घाईत चुकीचा ब्रेक दाबला तर उतारावर तोंडघशी पडायला वेळ लागत नाही. पहिल्या सकाळी अंगणात चार फेऱ्या मारून हात सरावू द्या.

कोणी काय घ्यावं

पहिल्यांदाच जाणाऱ्याला, आणि ज्यांचा वेग एकमेकांशी जुळत नाही अशा कुटुंबाला, मी फ्रान्स सांगेन, तेही स्वतंत्र सहलीच्या रूपात. हाताशी चारच दिवस असतील आणि जपानला एरवीही जायचं असेल, तर शिमानामी. त्यासाठी मुद्दाम एवढा प्रवास करू नये, असं माझं मत. पायात बळ असेल, किंवा ई-सायकल घ्यायची तयारी असेल, तर डाल्मेशिया.

दोघांपैकी एकालाच सायकलीचं वेड असेल, तर डाल्मेशियाची बोट हा एकमेव समंजस पर्याय आहे: एक जण डोंगर चढतो, दुसरा पोहतो, संध्याकाळी जेवायला दोघं एकाच टेबलावर. फक्त बोटीवरच्या कॅबिन लहान असतात आणि भिंती पातळ. खालच्या डेकवरची, इंजिनाच्या शेजारची कॅबिन स्वस्त मिळते. सकाळी लवकर बोट निघाली की ती स्वस्त का होती ते कळतं. आराखडा मागवून घ्या आणि पुढच्या बाजूची कॅबिन निवडा.