गुरूच्या चार चंद्रांचा संच : रंग जमले, वजन राहिले

अमळनेरच्या आमच्या शाळेसाठी गुरूच्या चार मोठ्या उपग्रहांच्या प्रतिकृतींचा संच ऑनलाइन मागवला, त्याला वर्ष होत आले. ५०० किलोमीटरला १ सेंटिमीटर हे प्रमाण निर्मात्यांनी कसोशीने पाळले आहे. गॅनिमीडचा गोळा साडेदहा सेंटिमीटर भरतो; बुध ग्रह याच मापाने केला असता तर तो पावणेदहाचाच झाला असता.

आयोचा पिवळा रंग, म्हणजे गंधकाचा थर, आणि त्यावरील गोठलेल्या सल्फर डायऑक्साइडचे पांढरे चट्टे नीट उतरले आहेत. युरोपाच्या बर्फावरील रेघा मात्र कुंकवासारख्या लाल रंगवल्या आहेत. प्रत्यक्षात त्या मळकट तांबूस आहेत. माहितीपत्रकात कॅलिस्टोला ‘खडकाळ उपग्रह’ म्हटले आहे, ही चूक अक्षम्य वाटते, कारण वरून काळपट दिसणारा आणि विवरांनी भरलेला हा उपग्रह निम्म्याच्या आसपास बर्फाचाच आहे.

खरी उणीव वजनाची. चारही गोळे पोकळ प्लास्टिकचे असल्यामुळे हातात सारखेच हलके लागतात. आयोची घनता दर घन सेंटिमीटरला ३.५३ ग्रॅम, युरोपाची ३.०१, गॅनिमीडची १.९४ आणि कॅलिस्टोची १.८३, गुरूपासून दूर जावे तसतशी ती घटते, कारण हे उपग्रह घडत असताना गुरूजवळच्या उष्णतेत बर्फ टिकू शकला नाही आणि तेथे खडक व धातू यांचेच प्रमाण अधिक राहिले. संचाने सांगायला हवी होती ती हीच गोष्ट. गोळे मधोमध उघडतात, म्हणून आम्ही त्यांत बोरी नदीची वाळू आणि सायकलच्या दुकानातले छर्रे तराजूवर मोजून भरले : आयोत सुमारे ७०० ग्रॅम, युरोपात ३८०, कॅलिस्टोत ८६०, तर गॅनिमीडमध्ये जवळजवळ १२००.

गॅनिमीडमध्ये मुळात बसवलेला छोटा चुंबक ही कल्पना मात्र दाद देण्याजोगी आहे. या उपग्रहाला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असल्याचे गॅलिलिओ यानाने १९९६ मध्ये दाखवले. आमच्या मुलांना ते होकायंत्राची सुई फिरताना दिसले.

टिकाऊपणा बेताचाच. उणे १६० अंशांच्या युरोपाचा रंग आमच्या पत्र्याच्या वर्गात, वैशाखाच्या उन्हाने, बोटांना चिकटू लागला. विक्रेत्याने बदलून देण्यास नकार दिला. तरीही संच ठेवला आहे. परवा पाचवीतल्या एका मुलाने एका हातात आयो व दुसऱ्या हातात कॅलिस्टो तोलून पाहिला आणि आयोकडे बोट दाखवत म्हणाला, “सर, हाऊ धाकला शे, तरी इतका जड कसा?”