नळचोर आपल्याच इमारतीतला निघाला तर: चोप, पोलीस, सेंटर की ओपीडी?

पहाटे साडेचारला टाकी का भरत नाही म्हणून वॉचमन गच्चीवर गेला, तर पोरगा तिथेच बसलेला. मुंबईत विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या जुन्या इमारतीत लहानाचा मोठा झालेला, वीस वर्षांचा. शाळेच्या फाटक्या दप्तरात पाच पितळी नळ आणि एक पाना. मी वर पोचलो तरी पळायच्या बेतात दिसेना. जांभयांवर जांभया, नाक वाहतंय आणि मे महिन्याच्या उकाड्यात हातावर काटा. म्हणाला, "काका, टर्की लागलीय. आजचा दिवस सोडा, संध्याकाळी मीच बसवून देतो." टर्की म्हणजे नशा मिळाली नाही की अंगात उठणारा त्रास.

नळांचे भंगारात जेमतेम एका दिवसाच्या पुडीचे पैसे आले असते. आमची मात्र पूर्ण टाकी वाहून गेली आणि अठ्ठेचाळीस घरं कोरडी राहिली. त्या रात्रीच्या सभेत कोणालाच दयामाया सुचत नव्हती, मलाही नाही. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. पुढे शेजारच्या दोन सोसायट्यांवर अशीच वेळ आली, तेव्हा त्यांनी मला विचारलं. म्हणून चारही वाटा शेजारी शेजारी ठेवून बघू.

चोप देण्याची वाट लवकर संपते. हात उचलणाऱ्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि मार खाल्लेल्याची टर्की काही थांबत नाही. गर्दची, म्हणजे ब्राऊन शुगरची, टर्की शेवटच्या डोसनंतर साधारण ८ ते १२ तासांत सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोचते आणि आठवडा-दहा दिवसांत अंगापुरती ओसरते. आज बदडलेला पोरगा उद्या पहाटे पुन्हा कुठल्यातरी गच्चीवर असणार, फार तर गच्ची दुसऱ्यांची असेल. 'कॉलनीतून हाकला' म्हणणाऱ्यांनाही हेच सांगायचं.

पोलिसांकडे जायचं ठरवलं तर आधी मालाची किंमत मोजा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण माल ५,००० रुपयांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो. म्हणजे पोलीस एनसी, नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतात आणि मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. 'एफआयआर घेतच नाहीत' म्हणून हवालदाराशी हुज्जत घालणाऱ्या कमिट्यांना बहुतेक वेळा हेच ठाऊक नसतं. राहत्या घरातल्या किंवा इमारतीतल्या चोरीला मात्र कलम ३०५ आहे, तिथे ७ वर्षांपर्यंत जाता येतं. तुमची गच्ची कशात बसते ते वकिलाला विचारा. आमच्या सभेत दोघांनी त्यावर तासभर घालवला आणि दोघेही बँकेतले.

पोलिसांत गेल्याचा खरा फायदा म्हणजे कागद. पुढच्या वेळी त्याच्या हातात चाकू असला किंवा तळमजल्यावरच्या आजींच्या गळ्यातली पोत ओढली गेली, तर आधीची नोंद उपयोगी पडते. शिवाय ज्या घरातल्या बायका अंधार पडला की जिना चढायला घाबरू लागल्या आहेत, त्यांना 'आम्ही काहीतरी केलं' एवढं सांगता येतं. ही भीती खरी असते, तिला थट्टेवारी नेऊ नका.

तोटा मोठा आहे. आर्थर रोड तुरुंगात कित्येक वर्षं अधिकृत क्षमतेच्या तिप्पट-चौपट माणसं कोंबलेली असतात. तिथे काय शिकून येईल हा प्रश्न आहेच, पण त्याहून जिवावरचा धोका सुटल्यानंतरचा. काही महिने गर्द न मिळाल्याने शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर आल्यावर जुन्याच मापाने घेतलं की तोच डोस झेपत नाही आणि माणूस जातो. दारूचं उलट आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, मग ती कोठडीत तोडा की घरात कोंडून, की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. पिणारा पकडला गेला तर ही गोष्ट पोलिसांना आणि डॉक्टरला ताबडतोब सांगा.

कायद्यात उपचाराची खिडकी आहे, पण लोक ती चुकीच्या भिंतीत शोधतात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या कलम ६४अ नुसार, व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. मात्र ते नशेच्या गुन्ह्यापुरतं आहे, नळाच्या चोरीला लागू नाही. चोरीच्या बाजूने खिडकी आहे ती १९५८ च्या परिवीक्षा कायद्याची: चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर कोर्ट सोडू शकतं, आणि २१ वर्षांखालच्याला तुरुंगात पाठवायचं असेल तर त्याची कारणं नोंदवावी लागतात. आमच्या पोराच्या वकिलाला पहिली खिडकी पाठ होती, दुसरी नाही. पोर्तुगालचं नाव घेणाऱ्यांनाही हेच सांगावं लागतं. २००१ मध्ये त्यांनी जवळ थोडे ड्रग्ज बाळगण्याला गुन्ह्यातून वगळलं. चोरी तिथेही चोरीच राहिली.

आता सेंटर, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र. सभेत ही वाट सगळ्यांना आवडते, कारण पोरगा नजरेआड होतो. रात्री गाडी येते, चौघे उतरतात, उचलून नेतात, आणि आई पावती घेऊन उभी राहते. हे असं करता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जशी जोडलेले मानसिक विकारही येतात. त्यामुळे मर्जीविरुद्ध भरती करायची तर मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि तीही आधी ३० दिवसांपर्यंतच. साखळीने बांधायला साफ बंदी आहे. सेंटरवाल्याला तीनच प्रश्न विचारा: राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, आणि आईला पोराला भेटता येईल का. तिसऱ्यावर 'पहिला महिना नाही' असं उत्तर आलं की मी उठतो.

चांगल्या जागाही आहेत. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण मुंबईच्या मराठी घरांना माहीत असतं. वांद्र्याला १९८१ मध्ये फादर जो परेरांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. पण सर्वात चांगल्या जागेतूनही पोरगा परत येतो तो त्याच जिन्यात, त्याच नाक्यावर. महिना-दीड महिना तो आत असताना इमारतीत शांतता असते, ती कमिटीला फसवते.

चौथी वाट ओपीडीची. ही सर्वात कंटाळवाणी आणि माझ्या मते सर्वात उपयोगाची. केईएम, नायर, सायन ही पालिकेची रुग्णालयं आणि सरकारी जेजे, चारही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. केसपेपरची रांग, मग डॉक्टर, मग पुन्हा आठवड्याने. कोणाला काय मिळेल ते तो काय घेतो यावर ठरतं, आणि इथेच कमिट्या गफलत करतात. 'गर्दुल्ला' म्हटलं की सगळे एकच.

गर्द, ब्राऊन शुगर घेणाऱ्याला औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवली की टर्की थांबते, आणि टर्की थांबली की पहाटेच्या पान्याचं कारणच उरत नाही. 'एक नशा सोडवून दुसरी लावली' असं म्हणणारे खूप भेटतील. त्यांना विचारा, दुसरीसाठी नळ काढावे लागतात का? सुई घेणाऱ्यांसाठी नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, मोफत केंद्रं आहेत, पन्नीवर ओढणाऱ्याने ओपीडीत विचारायचं. एमडी, म्हणजे २०१५ मध्ये एनडीपीएसच्या यादीत आलेलं मेफेड्रोन, त्याला असं बदली औषध नाही. तिथे समुपदेशन, झोप आणि मागून येणाऱ्या नैराश्याचा उपचार, सगळं हळूहळू. एमडीवाला चिडखोर, संशयी झालेला असू शकतो. त्याच्याशी गच्चीवर एकट्याने बोलू नका. कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ मोफत आहे.

मग ठरवायचं कसं? शस्त्र, मारहाण, दागिना ओढणं किंवा घरात घुसणं असेल तर आधी पोलीस, बिनदिक्कत. उपचाराची मागणी कोर्टात करता येते. वस्तू किरकोळ, कोणाला इजा नाही, आणि घरातलं एक तरी माणूस सहा महिने त्याच्याबरोबर ओपीडीच्या रांगेत उभं राहायला तयार असेल, तर एनसी लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. एनसी आणि केसपेपर दोन्ही एकाच दिवशी निघू शकतात, एकासाठी दुसऱ्यावर फुली मारावी लागत नाही. घरातलं कोणीच तयार नसेल तर प्रामाणिकपणे सांगतो, ओपीडी टिकत नाही. मग चांगलं सेंटर शोधा.

आणि भंगारवाला. पाच ओले नळ पहाटे सहाला कोण विकतंय हे त्याला कळत नाही का? चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे. चार कमिट्यांनी मिळून नाक्यावरच्या भंगारवाल्यांना जाऊन हे सांगितलं, तेव्हा कुठे आमच्या भागात पितळ घेताना ते नाव-पत्ता विचारू लागले.

आमच्या पोराची आई तयार होती. तिने पहिल्या दिवशी पोळीच्या डब्यातून सुटे पैसे काढून नळांची भरपाई टेबलावर ठेवली. मोजली तर वीस रुपये जास्त. पोरगा सात महिने गोळीवर राहिला, गणपतीत घसरला, परत रांगेत उभा राहिला. गच्चीवर आम्ही प्लास्टिकचे नळ बसवले. भंगारात त्यांना कोणी विचारत नाही. ते गळतात, आणि दर सभेत त्यावरून मी बोलणी खातो.