नवीन झोंग बांधायचा तर दगड-माती की आरसीसी?

भूतानचा झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि जिल्ह्याची कचेरी, तिन्ही एकाच तटाच्या आत. अर्ध्यात भिक्षू राहतात, अर्ध्यात सरकारी कारभार, आणि मधे उत्से म्हणजे उंच मनोरा. पुनाखाचा झोंग भूतानला एकत्र आणणाऱ्या शबद्रुंग नगवांग नामग्याल या धर्मगुरूने १६३७-३८ मधे बांधला, तेव्हा इकडे शिवाजी महाराज सात-आठ वर्षांचे होते. तो आजही वापरात आहे, नुसतं स्मारक नाही, आणि म्हणूनच भूतानमधे अजूनही नवीन झोंग बांधले जातात. तुमच्या समितीला किंवा ट्रस्टला या धर्तीवर काही उभं करायचं असेल तर मला तीन रस्ते दिसतात.

पहिला, पूर्ण पारंपरिक. खाली जाड आणि वर निमुळती होत गेलेली दगड-मातीची भिंत, खाचा पाडून एकमेकांत अडकवलेलं लाकूड, खिळा नाही. भूतानच्या तिसऱ्या राजांनी १९६० च्या दशकात थिंफूचा ताशीछो झोंग असाच, कागदावर नकाशे न काढता, नव्याने उभारला, म्हणजे ही विद्या फार जुनी झालेली नाही. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे दुरुस्ती, एखादी तुळई कुजली तर जोड सुटा करून तेवढीच बदलता येते, बाकीच्याला धक्का नाही. पण दोन शत्रू आहेत, आग आणि भूकंप. आत इतकं लाकूड, त्यात तुपाचे दिवे आणि मागाहून टाकलेलं वायरिंग. पारोचा झोंग १९०७ मधे जळला, द्रुकग्याल १९५१ मधे, वांगदी फोद्रांग २४ जून २०१२ ला. आणि मातीच्या सांध्याची भिंत वजन छान पेलते पण आडवा हादरा बसला की कोपऱ्यात उघडते, २००९ आणि २०११ च्या भूकंपांत भूतानमधल्या जुन्या वास्तूंना हे भोगावं लागलंय.

दुसरा रस्ता म्हणजे आरसीसीची, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटची फ्रेम आणि वरून झोंगचं रूप. नक्षीच्या खिडक्या सिमेंटमधे ओतायच्या, लाकडासारखा रंग द्यायचा, वरती लाल पट्टा ओढला की झालं. काम लवकर होतं, कंत्राटदार कुठेही मिळतो, डिझाइन नीट केलं तर भूकंपालाही चांगलं, आणि ऑफिस, शाळा, हॉस्टेल यासाठी मी याला नाही म्हणणार नाही. मुख्य मंदिरासाठी मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. भिंत पातळ असते त्यामुळे खिडकीला ती खोली येत नाही, उजेड सपाट पडतो, थंडीत आतली ऊब टिकत नाही. शिवाय सळईला गंज धरला की काही दशकांतच प्लास्टर फुगायला लागतं, आणि तिथं लाकडी जोडासारखा एक तुकडा काढून दुसरा बसवता येत नाही. आणि या कामात सुतार काही शिकत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तिसरा रस्ता मधला, आणि माझं मत यालाच. वांगदी फोद्रांग जळाल्यावर भारताच्या मदतीने पुन्हा बांधला, नोव्हेंबर २०२२ मधे त्याची प्रतिष्ठापना झाली, म्हणजे दहा वर्षं गेली. रूप जुनंच, दगड आणि लाकूड खरं, पण भूकंप आणि आगीचा विचार बांधकामातच केलेला. तुम्ही करणार असाल तर मुद्दा असा की आधुनिक भाग डोळ्यांना दिसू नये पण काम त्याने करावं. जोत्याला, प्रत्येक मजल्याला आणि छताखाली भिंतीच्या पोटात आडवे पट्टे, कोपरे एकमेकांना बांधलेले, वायरिंग पाइपमधून आणि लाकडापासून लांब, पाण्याची वेगळी टाकी आणि अंगणात हायड्रंट, म्हणजे आग विझवायचा नळ. तुपाच्या दिव्यांना मुख्य इमारतीबाहेर दगडी खोली द्या, भाविकांची श्रद्धा कुठेही दुखावत नाही आणि सगळ्यात मोठी भीती जाते. मात्र जुन्या कारागिराला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्या दिवसापासून एकत्र बसवा, नाहीतर इंजिनिअर नंतर येऊन नक्षीच्या तुळईला ड्रिल मारतो.

खर्चाचं म्हणाल तर दगडापेक्षा हातांचा खर्च मोठा असतो, आणि वेळ लाकडात जातो. ओलं लाकूड वापरलं की दोन पावसाळ्यांत जोड सैल होतात. त्यामुळे पैसे थोडेच जमले असतील तर आधी लाकूड घ्या, शेडखाली हवा खेळेल असं रचून वाळू द्या, आणि तोवर जोत्याचं काम उरका.