पल्स आवळायला काय घ्यावं: फायबरचं रीळ की चर्प्ड ग्रेटिंग?

१५५० नॅनोमीटरच्या अखंड चालणाऱ्या लेझरमधून पल्स, म्हणजे प्रकाशाचे अगदी छोटे ठोके, काढायचा एक मार्ग फेज मॉड्युलेटरचा. प्रश्न पुढचा: त्या आवळायला लांब फायबरचं रीळ घ्यावं, की चर्प्ड ग्रेटिंग, म्हणजे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या खोलीवरून परतवणारा फायबरचा छोटा तुकडा? रत्नागिरीच्या दमट हवेत मी दोन्ही वापरलंय, म्हणून सांगतो.

मॉड्युलेटर प्रकाश कमी-जास्त करत नाही, त्याची फ्रीक्वेन्सी मागेपुढे हलवतो. दर आवर्तनात एक भाग असा येतो, की पुढचा प्रकाश किंचित तांबडा (कमी फ्रीक्वेन्सीचा) आणि मागचा किंचित निळा (जास्त फ्रीक्वेन्सीचा). साध्या फायबरमध्ये या तरंगलांबीला निळा जोरात पळतो. दिवा पॅसेंजर आधी सुटली, जनशताब्दी मागून, आणि रत्नागिरीला दोघी एकदमच लागल्या, तसं. तिथे पल्स सगळ्यात अरुंद. फायबर त्याहून लांब झालं की जनशताब्दी पुढे निघते, पल्स पुन्हा फुगते.

मॉड्युलेटरची फ्रीक्वेन्सी १० गिगाहर्ट्झ आणि फेजचा झोका ३.१४ रेडियनचा धरला, तर फायबर लागतं सुमारे ३.७ किलोमीटर. पल्स येते साधारण १० पिकोसेकंदांची (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग). फ्रीक्वेन्सी दुप्पट केली की लांबी थेट पाव होते. रिळाची खरी मजा इथेच: लांबी बदला, पुन्हा बघा. ग्रेटिंगचं डिस्पर्शन, म्हणजे रंगारंगांत पडणारं अंतर, ऑर्डर देतानाच ठरून जातं.

पण रीळ उन्हाळ्याला घाबरतं. तापमान एक अंश वाढलं की किलोमीटरमागे जवळपास ४० पिकोसेकंदांचा उशीर, म्हणजे ३.७ किलोमीटरला दीडशेच्या आसपास. आवर्तनच १०० चं! मे महिन्यात लाइट गेली, एसी बंद पडला, यूपीएसवरच्या स्कोपवर पल्स डोळ्यांदेखत सरकत पडद्याबाहेर गेली. शेवटी मिरकरवाडा बंदरावर मासळीला वापरतात तसला थर्माकोलचा खोका आणून रीळ आत ठेवलं. सरकणं मंदावलं, थांबलं नाही.

बोटभर ग्रेटिंगमध्ये तेच सरकणं अंशाला एक पिकोसेकंदही भरत नाही. मात्र ते महाग, परतलेला प्रकाश वेगळ्या वाटेने काढणारा सर्क्युलेटर वेगळा घ्यावा लागतो, आणि लेझर ग्रेटिंगच्या तरंगलांबीच्या पट्ट्यातच बसायला हवा.

अर्धा प्रकाश उलट्या चर्पचा, म्हणजे पुढे निळा आणि मागे तांबडा असतो, तो पल्सखाली गाळासारखा राहतो. तो दोन्हींत सारखाच. काढायचा तर प्रकाश कमी-जास्त करणारा इंटेन्सिटी मॉड्युलेटर लावा. फेम्टोसेकंद (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) हवे असतील तर हे दोन्ही सोडा, स्वतःच पल्स सोडणारा मोड-लॉक्ड लेझर बघा.

फ्रीक्वेन्सी अजून ठरत नसेल, तर मी रीळच घेईन, खोक्यासकट. पल्स दुसऱ्या घड्याळाशी जुळवायची असेल तर ग्रेटिंग, आणि ऑर्डर देण्याआधी लेझरची तरंगलांबी स्वतः मोजून.